स्वतःची गाडी नसलेले काका

आमच्या जुन्या गाड्यांच्या मंडळात गाड्या चौदा होत्या आणि माणसं पंधरा. पंधरावे काका. त्यांच्याकडे गाडी नव्हती, कधीच नव्हती. तरी महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी डहाणूच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली गाड्या लागल्या की जो तो काकांची वाट बघायचा. काका यायचे, बॉनेटवर तळहात ठेवायचे, मान खाली घालायचे आणि म्हणायचे, "चालू करा." मग गाडीचा मालक परीक्षेला बसल्यासारखा आत जाऊन बसायचा.

काका नुसतं ऐकायचे. अर्धं मिनिट, कधी दोन मिनिटं. समुद्राचा वारा असायचा, पोरांचा आरडाओरडा असायचा, पण त्यांना त्यातलं काही ऐकू येत नसावं. मग सांगायचे, "तिसरा प्लग काढून बघा." किंवा, "हिला काही झालेलं नाही. तुम्ही हिला नुसती उभी ठेवता, म्हणून रडते." मुंबईहून, वापीहून बोलावलेल्या मेकॅनिकांना न सापडलेला दोष काकांनी सांगितला, असं निदान चार वेळा तरी माझ्या डोळ्यांसमोर घडलं आहे.

मी या मंडळात आले ती नवऱ्याच्या मागून. ते रेल्वेत सिग्नलच्या कामाला होते, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आम्हाला मूलबाळ नाही. निवृत्तीच्या सुमारास त्यांनी कुठूनशी एक मोडकी अ‍ॅम्बॅसिडर आणली, डहाणूलगत मसोलीच्या आमच्या घरासमोर पत्र्याची शेड घातली, आणि मग ते त्या गाडीखालीच असायचे. मला गाडीचा रागच होता. जेवायला चार हाका माराव्या लागायच्या आणि टॉवेलांना ग्रीसचे डाग पडायचे. शेवटी गाडी चालू झाली, सायीच्या रंगात रंगवून झाली, आणि त्याच वर्षी काविळीचं निमित्त होऊन ते गेले. गाडीवर मी ताडपत्री टाकली. वर्षभर ती काढली नाही.

मंडळाचे अध्यक्ष डहाणूचे, चिकूचे बागायतदार. मनाने चांगले, पण त्यांना बोलायला लागलं की थांबता येत नाही. त्यांचा फोन आला. "वहिनी, गाडी उभ्या उभ्या कुजेल. मीच घेतो ती. आमच्या काकांना घेऊन येतो, ते सांगतील तिच्यात किती जीव आहे."

मी बरं म्हटलं. मला सुटायचंच होतं.

ते दोघं आले. काका उंच, सडसडीत, पांढरा शर्ट पँटमध्ये खोचलेला, पायात काळे बूट. डहाणूला एका सरकारी कचेरीत त्यांनी सत्तावीस वर्षं साहेबांची अ‍ॅम्बॅसिडर चालवली होती, एवढं अध्यक्षांनी दारातच मला ऐकवलं. काकांनी ताडपत्री काढली, गाडीभोवती हात फिरवत एक फेरी मारली. बॅटरी उतरलेली होती, अध्यक्षांच्या गाडीवरून वायर जोडून चालू करावी लागली. इंजिन खोकलं, बंद पडलं, पुन्हा खोकलं आणि एकदम लयीत आलं. काका बराच वेळ ऐकत राहिले. मग विचारलं, "कोणी बांधलंय हे इंजिन?"

"आमच्या ह्यांनी."

"फार मन लावून बांधलंय," ते म्हणाले. "बाई, तुम्ही गाडी विकणार की चालवणार?"

मी हसले. "मला सायकल येत नाही, काका. अठ्ठावन्न वर्षांची आहे मी."

"सायकलीला तोल लागतो. हिला चार चाकं आहेत."

अध्यक्षांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण मंडळात काकांच्या शब्दापुढे कोणी जात नसे. गाडी विकली गेली नाही. पुढच्या बुधवारी सकाळी आठला काका माझ्या दारात उभे होते. उधव्याजवळच्या एका पाड्यावरून ते आले होते. नाक्यावरून तलासरीला जीप, तलासरीहून चारोटीला दुसरी, चारोटीहून डहाणूला एसटी. तीन गाड्या बदलून मला गाडी शिकवायला.

मसोलीच्या मैदानावर मी शिकले. त्या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला असतो आणि स्टिअरिंग जात्यासारखं जड. पहिले आठ दिवस माझे खांदे भरून यायचे. काका डाव्या सीटवर ताठ बसायचे, दोन्ही हात गुडघ्यांवर. ओरडले कधीच नाहीत. "बाई, क्लच म्हणजे दाराची कडी नव्हे. हळू सोडा." "तिला तुमची घाई कळत नाही. पाय काय सांगतो तेवढंच कळतं." छत्तीस वर्षं मी पोरांना शिकवलं, पण माझ्या वर्गात इतकी शांतता कधी नव्हती.

ते माझ्याहून सात-आठ वर्षांनीच मोठे असतील. पण सगळे काका म्हणत, म्हणून मीही काका म्हणू लागले. ते मला बाई म्हणत.

मला परवाना मिळाला तेव्हा मी घरी शिरा केला आणि खायला कोणी नव्हतं म्हणून डब्यात भरून पुढच्या रविवारी किनाऱ्यावर नेला. काकांनी दोनदा घेतला. त्यानंतर ठरूनच गेलं. दर रविवारी, मंडळाची बैठक असो नसो, मी सकाळी निघायचे. आशागडवरून चारोटी, तिथून हायवेने तलासरी, तिथून उधवा. काका नाक्यावर पिंपळाखाली उभे असायचे. राज्याची हद्द जवळ, त्यामुळे उधव्याच्या अलीकडेच माझ्या मोबाइलवर गुजरातमध्ये स्वागत असल्याचा मेसेज यायचा, म्हणजे आता पाच मिनिटांत काका दिसणार. मग आम्ही कुठेही जायचो. कासाच्या बाजाराला, बोर्डीला, कधी नुसतं हायवेवरून दापचरीपर्यंत जाऊन परत.

फार बोलायचो असं नाही. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा वापीला कंपनीत, सुट्टीला यायचा. घरी सून होती, ती दिवसभर शेतावर नाहीतर मजुरीला. एकदा मी विचारलं, "घरी गेल्यावर कोणाशी बोलता, काका?"

"रेडिओ आहे. आणि तुम्ही?"

"टीव्ही आहे."

"मग बरंय," ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो. पण सोमवार ते शनिवार माझ्या तोंडून दूधवाल्याशिवाय कोणाशी शब्द निघायचा नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनीही काय काय सांगितलं नव्हतं, ते मला पुढे कळलं.

मंडळात काकांची एक गोष्ट सांगितली जायची. नवीन माणूस आला की अध्यक्ष त्याला ती ऐकवायचेच. कचेरीतली अ‍ॅम्बॅसिडर जुनी झाली म्हणून तिचा लिलाव झाला, साहेबांना नवी गाडी आली. काकांनी नव्या गाडीची चावी हातात घेतली, टेबलावर ठेवली आणि नोकरीच सोडून दिली. निवृत्तीला पाच वर्षं होती तरी! "गाडीवरची निष्ठा म्हणतात ती ही," अध्यक्ष म्हणायचे. ऐकणारा काकांकडे बघायचा. काका समोर समुद्राकडे बघत असायचे. मलाही ती गोष्ट आवडायची. मीही एक-दोघांना सांगितली होती.

मग ते उन्हाळ्यातलं. आम्ही उधव्याहून तलासरीकडे निघालो होतो. रस्ता मोकळा होता, दोन्हीकडे ताड, शेतं वाळलेली. मी पुढे बघत होते. डावीकडच्या उतारावरून डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेली एक बाई रस्त्यावर आली. ती मला दिसली तेव्हा गाडीच्या नाकाशी होती. मी सगळा जीव पायात आणून ब्रेक दाबला. मोळीचं टोक बंपरला लागलं, मोळी पडली, लाकडं रस्ताभर झाली. बाईला काही झालं नाही. ती कमरेवर हात ठेवून मला बोलायला लागली आणि ते अगदी बरोबर होतं.

काकांनी विचारलं, "काय होतं?"

ती त्यांच्या बाजूने आली होती. त्यांच्या खिडकीतून हात लांब केला असता तर तिला लागला असता.

मी खाली उतरले, तिच्याबरोबर लाकडं गोळा केली, मोळी बांधून तिच्या डोक्यावर चढवली. परत येऊन बसले, पण गाडी चालू केली नाही.

"काका, ती तुम्हाला दिसली नाही?"

मग मला एकेक आठवायला लागलं. मैदानावर शिकवताना ते घुबडासारखी अख्खी मान वळवायचे. मला म्हणायचे, "डावीकडे तुम्ही बघा, मी इंजिन ऐकतो." किनाऱ्यावर कोणी बाजूने चहाचा कप पुढे केला की ते घ्यायचेच नाहीत, आणि लोक म्हणायचे, काका मोठा माणूस, समोर येऊन दिल्याशिवाय चहा घेत नाही.

"समोरचं दिसतं," काका शेवटी म्हणाले. "बाजूचं नाही. नळीतून बघावं तसं आहे. आधी थोडं होतं, आता नळी बारीक झाली."

"कधीपासून?"

"नोकरीत असल्यापासून."

आणि मग त्यांनी ते सांगितलं. एके दिवशी साहेब मागे बसलेले असताना फाटकातून आत वळवताना गाडीचा डावा आरसा खांबाला लागून तुटला. सत्तावीस वर्षांत गाडीला ओरखडा नव्हता. साहेब काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना पोरं रस्त्याच्या कडेने जात होती आणि त्यातलं एक अगदी जवळ येईपर्यंत काकांना दिसलं नाही. त्याच आठवड्यात त्यांनी अर्ज दिला. लिलाव त्या सुमारालाच झाला, इतकंच. लोकांनी दोन्ही जोडलं आणि काकांनी जोडू दिलं.

"डॉक्टरला दाखवलं?"

"चष्मा दिला होता एकाने."

मी तशीच गाडी वळवली, काकांना नाक्यावर सोडलं आणि पुढच्या मंगळवारी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी बराच वेळ तपासलं. काचबिंदू, म्हणाल्या. गेलेली नजर परत यायची नाही, पण रोज न चुकता थेंब घातले तर उरलेली टिकेल. मला त्यांनी विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?" मी म्हटलं, "यांची विद्यार्थिनी."

परत येताना चारोटीच्या आधी काका म्हणाले, "बाई, मंडळात सांगू नका."

"का? त्यात लाजण्यासारखं काय आहे?"

"लाज नाही." "पाड्यावर मी म्हातारा आहे. बाजारात म्हातारा आहे. एसटीत म्हातारा आहे. तिथं मी ड्रायव्हर आहे."

मी नाही सांगितलं. उलट त्यांना सांभाळायला लागले. किनाऱ्यावर त्यांच्या डाव्या हाताला उभी राहायचे. चहा मी घ्यायचे आणि त्यांच्या समोर धरायचे. कोणी बाजूने हाक मारली की मी आधी वळायचे, म्हणजे कुठे बघायचं ते त्यांना कळायचं. संध्याकाळी सातला फोन करून विचारायचे, "थेंब घातले?" "घातले," ते म्हणायचे. कधीकधी त्यापुढे काही बोलणं नसायचं, पण दोघंही लगेच ठेवायचो नाही. माझ्या घरात त्या वेळी दूधवाल्यानंतरचा पहिला माणसाचा आवाज असायचा.

असं दोन वर्षं चाललं.

मागच्या हिवाळ्यात अध्यक्षांच्या डोक्यात आलं की मंडळाने डहाणूहून तलासरीपर्यंत गाड्यांची फेरी काढायची. सगळ्यात पुढे त्यांची स्वतःची, मंडळातली सर्वांत जुनी गाडी, आणि ती चालवणार काका. त्यांनी हे भर बैठकीत जाहीर केलं. टाळ्या झाल्या. मी काकांकडे बघितलं. ते समोर बघत होते आणि त्यांनी मान हलवली. हो म्हणून हलवली.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "आता काय करायचं?"

"चालवीन. सरळ रस्ता आहे."

"हायवे आहे तो, काका. बाजूने ट्रक जातात. माणसं आडवी येतात."

"मागेपुढे आपल्याच गाड्या असतील."

चार दिवस मला दुसरं काही सुचलं नाही. ती मोळीवाली बाई सारखी डोळ्यांसमोर यायची. गुरुवारी सातच्या फोनवर मी थेंबांचं विचारलंच नाही. म्हटलं, "तुम्ही अध्यक्षांना सांगा. तुम्ही सांगणार नसाल तर मी सांगते."

पलीकडे रेडिओ चालू होता. तो बंद झाला. काका म्हणाले, "तुम्ही सांगणार?"

"हो. सांगेन."

त्यांनी फोन ठेवला. शुक्रवारी मी केला तर त्यांचा फोन बंद. शनिवारी पण बंद. पूर्वीही एकदा असं झालं होतं. कशावरून तरी मी त्यांना जास्त बोलले होते आणि आठवडाभर ते रुसले होते. तसंच असेल म्हटलं. मलाही राग होता. मी काही त्यांच्या वाईटाचं बोलले नव्हते.

रविवारी मी नेहमीप्रमाणे निघाले. नाक्यावर पोचले तर पिंपळाखाली कोणी नाही. मी तासभर थांबले. दोनदा हॉर्न वाजवला. पाड्याकडे जाणारी वाट समोर दिसत होती. कच्ची, चढाची, वीस-पंचवीस मिनिटांची. मी जाऊ शकले असते. गुडघे दुखतात हे खरं, पण त्या दिवशी मी गेले नाही ती गुडघ्यांमुळे नाही. एवढी साठ किलोमीटर येते मी, आणि यांना खाली यायला होत नाही, असं मनात आलं. मी गाडी वळवली आणि मसोलीला परत आले.

मंगळवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. काकांची सून बोलत होती. तिने आधी खात्री करून घेतली, "गाडीवाल्या बाई ना?" मग सांगितलं. शुक्रवारी पहाटे गेले. झोपेतच. सकाळी चहा घेऊन गेली तेव्हा कळलं. त्यांचा फोन उशाशीच होता, पण चार्जिंग संपून बंद पडलेला, आणि धावपळीत कोणी बघितला नाही. मुलाने आज कामावर परत जाताना तो चार्जिंगला लावला तेव्हा त्यात माझ्या कॉलचे मेसेज आले. माझा नंबर त्यांनी 'बाई गाडी' या नावाने ठेवला होता.

म्हणजे मी नाक्यावर हॉर्न वाजवत होते तेव्हा त्यांना जाऊन दोन दिवस झाले होते.

मी बुधवारी गेले. गाडी पिंपळाखाली लावली आणि ती वाट चढले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. वाटेत दोनदा बसले. घर कुडाचं, शेणाने सारवलेलं, पुढे नीटनेटकं अंगण. सून तिशीतली, काटक. तिने मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. पाड्यावरच्या दोन म्हाताऱ्या येऊन दारात बसल्या. त्यांना माझ्याकडे बघायचं होतं.

"रविवारी ड्युटी आहे म्हणायचे," सून म्हणाली. "आम्ही म्हणायचो, आता कसली ड्युटी? तर म्हणायचे, गाडीवर. आम्हाला वाटायचं तुम्ही कोणी साहेब आहात."

"त्यांच्या डोळ्यांचं तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्या पाड्याला माहीत होतं," ती म्हणाली. "वाटेवर दगड आला तर आम्ही उचलून टाकायचो."

मी विचारू नये ते विचारलं. "गुरुवारी रात्री, जाण्याआधी, ते काही बोलले होते? रागावले होते का?"

तिने आठवून बघितलं. "नाही. जेवले. मग पांढरा शर्ट काढून दिला, म्हणाले उद्या धू, रविवारी लागेल. बूट स्वतः पुसून ठेवले." तिने कोपऱ्याकडे बघितलं. बूट तिथे होते.

म्हणजे ते रविवारी येणार होते. पण येऊन काय करणार होते, मला सांगणार होते की गाडी चालवणारच, की अध्यक्षांना खरं सांगून टाकणार होते, ते मला कधीच कळणार नाही. मी खूप विचार करून बघितला आहे. ज्या दिवशी मला स्वतःविषयी बरं वाटतं त्या दिवशी ते सांगणार होते असं वाटतं. ज्या दिवशी वाटत नाही त्या दिवशी दुसरं.

मंडळाने किनाऱ्यावर शोकसभा घेतली. सुरूच्या दोन झाडांना फ्लेक्स बांधला होता. त्यावर काकांचा फोटो, अध्यक्षांच्या गाडीशेजारी उभे असलेले. फोटोत ते कॅमेऱ्याच्या थोडं बाजूला बघत होते, कारण फोटो काढणारा कुठे उभा आहे ते त्यांना सापडलं नसावं. अध्यक्ष बोलले. नव्या गाडीची चावी टेबलावर ठेवल्याची गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली, आणि सांगताना खरोखर डोळे पुसले. लोकांनी रुमाल काढले. मी खुर्चीत बसून ऐकत होते. तिथल्या तीस-चाळीस माणसांत ती गोष्ट तशी नाही हे जाणणारी मी एकटी होते.

मग मला बोलायला सांगितलं. मी म्हटलं, "त्यांनी मला गाडी शिकवली." आणि खाली बसले.

सभेनंतर वापीहून आलेल्या एका तरुण माणसाने विचारलं, "मॅडम, काका गाडी कशी चालवायचे हो? जबरदस्त असणार ना?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मी त्यांना गाडी चालवताना कधीच बघितलं नाही. अध्यक्षांनाही विचारलं. ते आठवत राहिले. त्यांनीही नव्हतं. आमच्यापैकी कोणीच नव्हतं.

फेरी मात्र निघाली. काकांच्या आठवणीत काढू, असं ठरलं, आणि पुढची गाडी माझी असावी, असं अध्यक्षच म्हणाले. त्यांनी काकांच्या फोटोची मोठी फ्रेम करून आणली, तिला हार घातला आणि माझ्या डाव्या सीटवर उभी केली. पहिल्याच गतिरोधकाला ती पुढे पडली. मी थांबून नीट लावली. आशागडला पुन्हा पडली. चारोटीला मी गाडी बाजूला घेतली, हार काढला आणि फ्रेम सीटवर आडवी ठेवली, छताकडे तोंड करून. मागच्या गाड्यांतून कोणीतरी हॉर्न वाजवला. मग हायवेने मी चाळीसच्या वर न जाता तलासरीपर्यंत आले, आणि माझ्या मागे तेरा गाड्या मुकाट्याने आल्या.

तलासरीला वडापाव झाले, फोटो झाले, मंडळी परत फिरली. मी फ्रेम घेऊन उधव्याला गेले. घरी काकांचा एवढा मोठा फोटो नव्हता, तो त्यांच्याकडेच असायला हवा होता. सून शेतावर होती, तिला कोणीतरी बोलावून आणलं. तिने हात पुसून फ्रेम घेतली, बराच वेळ बघितली आणि आत नेऊन कणगीवर ठेवली. तिला काम होतं, म्हणून मी फार बसले नाही. निघताना तिने मला एका पिशवीत वालाच्या शेंगा दिल्या. म्हणाली, "येत जा." आम्हा दोघींनाही माहीत होतं की येण्याचं कारण आता उरलं नव्हतं.

परत येताना चारोटीच्या अलीकडे एका पंपावर पेट्रोल भरायला थांबले. एक कुटुंब मोठ्या गाडीतून खाली उतरलं होतं, सुरतेचं असावं. त्यातल्या माणसाने माझ्या गाडीकडे बघितलं, खूश झाला, विचारलं फोटो काढू का. मी काढा म्हटलं. त्याने बायकोला गाडीशी उभं केलं, मग स्वतः उभा राहिला. जाताना म्हणाला, "बढ़िया रखी है. चलाता कौन है?"

"मीच," मी मराठीतच म्हटलं.

तो हसला आणि गाडीच्या मागे, पंपाच्या खोलीकडे, इकडेतिकडे बघायला लागला, अजून कोणीतरी येणार आहे अशा खात्रीने. मी आत बसले, चोक ओढला, गाडी चालू केली. ऊन उतरत आलं होतं. चारोटीला डावीकडचा ट्रक जाऊ दिला आणि डहाणूच्या रस्त्याला लागले. रविवार असूनही आशागडपर्यंत माझ्या पुढे-मागे एकही गाडी नव्हती.